कॅनडाचा स्वेटर

एप्रिलच्या भर दुपारी कुणी जाड लोकरीचा स्वेटर मागायला आलं, तर विणणारीनं हसू नये तर काय करावं? अंजनानं तोंडाला पदर लावला, पण हसू काही आवरेना.

"हसायला काय झालं?" दारातला उंच, सावळा तरुण अवघडला.

"न्हाई... बाहेर डांबर पातळ झालंय, आन् तुमी स्वेटर मागताय!"

"कॅनडाला निघालोय. जूनमधी, दोन वर्सांसाठी. अणुभट्टी चालवायला शिकायचंय. तिथं गुडघाभर बर्फ पडतो म्हणं."

हा अर्जुना. दुष्काळी माण तालुक्यातल्या मेंढपाळाचा मुलगा. मेंढरांमागं फिरता फिरता शिकला आणि राजस्थानातल्या अणुवीज केंद्रात इंजिनिअर झाला. परदेशाचे कागद येईपर्यंत साताऱ्यात बहिणीकडं उतरला होता. अंजना मोती चौकाजवळ मावशीच्या, राहीबाईंच्या दुकानात विणकाम करायची. आईबापाविना पोर, पण जिभेला धार चांगली.

"हात वर करा," टेप घेऊन ती म्हणाली. टेप छातीभोवती फिरली आणि पठ्ठ्यानं श्वासच रोखला.

"श्वास सोडा की!"

"सोडला तर... माप चुकंल."

माप चुकलंच, पण अंजनाचं. तिनं आकडा दोनदा लिहिला, दोन्ही वेळा वेगळा!

मग दर सोमवारी अर्जुना हजर. "झाला का?" म्हटलं की हिचं ठरलेलं, "बाही ऱ्हायलीय." बाही राहील नाही तर काय! मावशीची दुपारची डुलकी लागली, की ही बया विणलेली बाही उसवून गुंडा करायची. स्वेटर पुरा झाला की हा माणूस सातासमुद्रापार जाणार. तिला ते नको होतं, आणि थांबा म्हणायचा हक्कही नव्हता.

मे महिन्यात, साल १९७४, पोखरणला अणुस्फोट झाला. रेडिओवर बातमी आली आणि चौकात पेढे वाटले गेले. अर्जुनाही पुडा घेऊन आला, छाती दोन इंच फुगलेली. "माप परत घ्यावं लागंल," अंजना म्हणाली, तेव्हा तो कानापर्यंत लाल झाला.

पुढच्याच सोमवारी मात्र त्याचा चेहरा उतरला होता. हातात सरकारी लिफाफा.

"कॅनडानं समदं थांबवलं," तो बाकावर बसत म्हणाला. "त्यांचं म्हणणं, शांततेसाठी दिलेल्या भट्टीतला माल तुमी स्फोटाला वापरला. आता सामान न्हाई, नकाशे न्हाई, शिकवणीबी न्हाई. आमी बॉम्ब करू नये म्हणून दार लावलं त्यांनी."

"मग... तुमचं जाणं?"

"रद्द."

अंजनाच्या मनात आनंदाची उकळी फुटली आणि लगेच तिला स्वतःची लाज वाटली. बिचाऱ्याचं इतक्या वर्षांचं स्वप्न मोडलं, आणि आपण खुश?

"स्वेटर तरी द्या," तो म्हणाला.

तिनं एका बाहीचा स्वेटर पुढं ठेवला. अर्जुनानं शेजारचा गुंडा उचलला, धागा बोटांतून ओढला.

"नवी लोकर सरळ असती. ही नागमोडी झालीय." त्यानं वर पाहिलं. "किती येळा उसवली?"

अंजना सुया आवरायला लागली. "...चारदा."

"पाच. मला दुसऱ्याच सोमवारी कळलं हुतं. लोकरीतच वाढलोय मी."

"मग बोलला का न्हाई?"

"बोललो असतो, तर तुमी विणून टाकला असता."

मग अंजना एकदम म्हणाली, "तुमी जाणार न्हाई ऐकून मला लय बरं वाटलं. वाईट हाय ना मी?"

"मलाबी थोडं वाटलं की... पण कुणाला सांगू नका, सरकारी नोकर हाय मी!" तो हसला, मग गंभीर झाला. "एक तारखेला राजस्थानला परत चाललोय. तिथल्या अर्धवट भट्टीचं काम आता आमालाच शिकत शिकत पुरं करायचंय. दोन वर्सं लागतील, दहाबी लागतील. तिथं ना ऊस, ना कृष्णामाई. नुसती धूळ आन् ऊन. अशा ठिकाणी कुणाला चल म्हणावं, तर तोंड हुईना..."

"म्हणून तर बघा."

"याल?"

अंजना उठली आणि आतल्या दाराकडं तोंड करून खणखणीत आवाजात म्हणाली,

"मावशी, आवं, उठा की! ह्यांना तुमाला कायतरी इचारायचंय."