कातडीचं कवाड

एकोणचाळीस जणांची कातडी निवली होती. चाळिसावी, यमुनाक्कांची, अजून धगधगत होती, आणि डॉ. शर्वाणी उपळेकरला ते पटत नव्हतं. सोरायसिसवरचं तिचं नवं औषध असं एकाच अंगाशी हट्ट धरणारं नव्हतं.

सकाळीच ती कोरगिरीच्या पठारावरच्या सौरवेधशाळेत आली आणि रक्ताचा अहवाल डॉ. विश्राम पटवेकरांसमोर आपटला.

"यमुनाक्कांच्या रक्तात औषधाचा मागमूस नाही. सुया तुमच्या फ्रिजमधून त्यांच्या घरी जातात. आत पाणी कोण भरतं, पटवेकर?"

"आळ घेताय माझ्यावर?"

"घेतेय. दुसऱ्या कुणाचा काय फायदा?"

पटवेकरांनी अहवाल बाजूला सारला. शर्वाणीच पुढे म्हणाली, "ते गर्भकणांचं तुम्हीच मला समजावलं होतं ना? पुन्हा सांगा. मला ऐकायचंय."

"सूर्याच्या पोटात खळबळ झाली की गर्भकण लगेच निसटतात. आठ मिनिटांत इथं पोचतात. ज्वाळा मात्र वर यायला दोन तास घेते. गर्भकण आपल्या एकाही यंत्राला दिसत नाहीत. सुजलेल्या त्वचेच्या पेशींना तेवढे जाणवतात. चट्टा पेटला की समजायचं, दोन तासांनी सूर्य भडकणार; अंतराळात उघड्यावर कुणी असेल तर तेवढ्यात आत घ्यायचं, नाहीतर जिवावर बेततं."

"आणि चट्टा बरा झाला की?"

"पेशी बहिऱ्या होतात."

"म्हणजे मी बरं केलेलं प्रत्येक माणूस हे तुमचं मोडलेलं यंत्र. शेवटचं तुम्ही जपून ठेवलंत. त्यांच्या सांध्यांचे फोटो पाहिलेत? असंच चाललं तर चार महिन्यांत बोटं सरळ होणंच बंद होईल."

"मी सुईला हात लावलेला नाही," पटवेकर म्हणाले. नजर मात्र खिडकीबाहेर होती. शर्वाणीने ते टिपलं.

ती थेट निरीक्षण खोलीत गेली. बाह्या वर सारून यमुनाक्का तोडकर पडद्यापुढे बसल्या होत्या. तीस वर्षं अंगणवाडीत पोरं सांभाळलेली बाई. पडद्यावर नभगृह या अंतराळस्थानकाच्या बाहेर एक पांढरी आकृती दोरीला लोंबकळत काहीतरी दुरुस्त करत होती. अक्का तिच्याकडे बघत गुणगुणत होत्या,

लेक गेली गं आभाळी, तिथं सावली ना झाड
तिच्या वाटेच्या उन्हाला, माझ्या कातडीचं कवाड

शर्वाणी पडद्याजवळ गेली.

"अक्का, ती... तुमची मुलगी?"

"केतकी. धाकटी. लई धीट. लहानपणी जांभळीवरनं उतरायचीच नाही, आता बघा कुठं चढून बसलीया."

"औषध तुम्हीच टाकत होता?"

"मोरीत," अक्का सहज म्हणाल्या. "रिकामी सुई परत द्यायची एवढंच तुमचं सांगणं. दिली की परत! एक चुकवली नाही."

"बोटं जातील, अक्का."

"चैत्रात उतरणार हाय ती. तवर अंगाची आग राहूद्यात की थोडी." त्या हसल्या. "समदे बरे झाले, बाई. छान झालं. पर कुणीतरी जागं नको का?"

पटवेकर दारात येऊन उभे होते. शर्वाणी गर्रकन वळली.

"तुम्हाला माहीत होतं."

"मी विचारलं नव्हतं."

"का?"

"विचारलं असतं, तर थांबवावं लागलं असतं."

त्यांचा गळा धरावा असं शर्वाणीला वाटलं. तिने पिशवीतून स्वतः आणलेली सुई काढली. ही कुणाच्या फ्रिजमधून आलेली नव्हती. "अक्का, दंड पुढे करा. माझ्यासमोर घ्यायची. आज मी काही ऐकणार नाही."

अक्कांनी दंड पुढे केला. शर्वाणीने टोपण काढलं, दंड धरला, आणि तिचा हात भाजल्यासारखा मागे आला. कोपराजवळचा चट्टा तिच्या डोळ्यांदेखत लालबुंद होत होता. कडेने, मधून, मनगटापर्यंत.

पडद्यावरची पांढरी आकृती निवांत स्क्रू फिरवत होती.

"आत घ्या तिला!" शर्वाणी ओरडली. "पटवेकर, बघताय काय? फोन लावा, आत घ्या पोरीला!"

पटवेकर धावले. अक्का खाजवायला जाणारी नखं आवरत पडद्याकडे बघत राहिल्या. दोरी हळूहळू आत ओढली गेली, दार मिटलं.

शर्वाणी सुई घेऊन मोरीकडे गेली.