ठकूचा धडा

इयत्ता दुसरीच्या धड्यात कुणी मरत नाही. हा नियम कुठे छापलेला नाही, पण जन्मभर दुसरीला शिकवणाऱ्या माणसाला तो सांगावाही लागत नाही. ससा सापळ्यातून सुटतो, हरवलेलं वासरू दिवेलागणीला गोठ्यात येतं. कुणाला हे खोटं वाटत असेल तर त्याने खुशाल वाटून घ्यावं. सात वर्षांच्या पोरांना खरं सांगायची एवढी घाई लोकांना कशाला असते, ते मला आजवर कळलेलं नाही.

आमची शाळा बेंगळुरात, चिकपेठेमागच्या एका गल्लीत. खाली शिंप्यांची दुकानं, वर आम्ही. पोरं मराठी बोलायची, पण 'थोडं'च्या जागी 'स्वल्प' आणि 'बरं'च्या जागी 'सरी' असं कानडी घुसडल्याशिवाय त्यांचं वाक्य पुरं व्हायचं नाही. ही अठ्ठावन्न सालची गोष्ट. पुस्तकं पुण्याहून यायची, म्हणजे बहुतेक यायची नाहीत. त्या वर्षी संक्रांत उलटली तरी पार्सलचा पत्ता नव्हता. मग धडे, कविता, माहितीचे पाठ मीच लिहायचो, स्टेन्सिल कापायचो आणि सायक्लोस्टाइलवर काढून वाटायचो. एक दिवस हेडमास्तर जयसिंगराव म्हणाले, "गुंडूराव, पुण्याची पर्वती चढून चढून पोरांचे पाय दुखले. जरा इथलं काही द्या."

इथलं म्हटल्यावर मला भागीरथीअक्का आठवली. शाळेच्या जिन्यासमोरच्या घरात ती एकटी राहायची. नवरा शिंपी होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. पेठेपलीकडचं जुनं केरे तिने भरलेलं पाहिलं होतं. केरे म्हणजे तळं. माझ्या लहानपणीच ते आटलं, आणि पुढे त्या मैदानावर सर्कशीचे तंबू पडायला लागले. मी अक्काला म्हटलं, तळ्याच्या चार गोष्टी सांग, धडा करतो.

तिने एकच सांगितली. तिची मुलगी ठकू कळशी घेऊन पाण्याला गेली होती. कळशी पायरीवर सापडली. ठकू सापडली नाही.

"हे धड्यात चालणार नाही, अक्का," मी म्हणालो.

"मग काय चालतं?"

"ती घरी परत येईल."

फळीवर एक तांब्याची कळशी होती. अक्काने तिच्याकडे पाहिलं.

"सरी," ती म्हणाली. "येऊ दे, अण्णा. मला दुसरं काही नको."

धडा छान जमला. स्वतःचं कौतुक करायला मी लाजत नाही. कळशी, कमळं, घसरलेला पाय, हाताला लागलेली पायरी, मग गल्ली आणि दाराची कडी. शेवटचं वाक्य होतं, 'आईने दार उघडले.' त्याखाली 'ठकू घरात आली' हेही लिहायचं होतं, पण स्टेन्सिलवर जागा संपली. एका ओळीसाठी दुसरी स्टेन्सिल कोण कापतो? दार उघडलं की पोर घरात येणारच, हे दुसरीतल्या मुलालाही कळतं.

आमच्याकडे दुसरीला धडा एका दमात देत नाहीत. रोज एक परिच्छेद. एकेका मुलाने एकेक वाक्य वाचायचं आणि परिच्छेदाचं शेवटचं वाक्य सगळ्या वर्गाने मिळून, गल्लीभर ऐकू जाईल असं. सोमवारी ठकूचा पाय घसरला. मंगळवारी वर्ग ओरडला, 'ठकूने पायरी धरली.' अक्का दोन्ही दिवस आपल्या उंबऱ्यावर बसून ऐकत होती. ऐकताना तिचे ओठ हलत होते.

बुधवारी ठकू पाण्यातून वर आली. त्या दुपारी गल्लीत शेवाळाचा आणि चिखलाचा वास सुटला. खालच्या पिराजी शिंप्याने मला विचारलं, "मास्तर, गटार फुटलं का हो कुठं?" आम्ही दोघांनी जाऊन पाहिलं. गटार कोरडं होतं. दिवस थंडीचे होते आणि महिनाभर आभाळातून थेंब पडला नव्हता.

गुरुवारी 'ठकू गल्लीत शिरली.' शाळा सुटताना गल्लीच्या तोंडाशी फरशीवर ओल्या पावलांचे ठसे दिसले, लहान, अनवाणी. नळावर पाणी भरणारी पोरं असतील, मी म्हणालो. पिराजीने खालच्या फळीवरचं कापड उचलून वरच्या फळीवर ठेवलं. मला तेव्हा त्याचं हसू आलं होतं.

शुक्रवारचं वाक्य होतं, 'ठकूने दाराची कडी वाजवली.' वर्ग ओरडून गप्प झाला, आणि खाली कडी वाजली.

मी खिडकीतून वाकून पाहिलं. अक्काचं दार बंद होतं. दाराशी कुणी नव्हतं. कडी मात्र हलत होती. वारा म्हणावं तर ती जुन्या घडणीची लोखंडी कडी, मला दोन बोटांनी हलली नसती. मला भीती वाटली. हे सांगण्यात मला काही कमीपणा वाटत नाही. मी पोरांना पाढे म्हणायला लावले, आणि मोठ्याने म्हणायला लावले.

शनिवारी पुण्याचं पार्सल आलं. जयसिंगरावांनी माझे सायक्लोस्टाइलचे कागद गोळा करून कपाटात टाकले आणि नवी पुस्तकं वाटली. मला बरं वाटलं. शेवटचा परिच्छेद आता वाचायला नको होता.

शाळा सुटायच्या बेताला अक्का जिना चढून वर आली. ठेवणीतलं इरकली लुगडं नेसली होती. मागच्या दाराने निघून, सगळ्या गल्लीला वळसा घालून आली होती. तिला धाप लागली होती.

"अण्णा, कालपासून कडी वाजतेय. मी आतून दार ओढते. उघडत नाही."

"लाकूड फुगलं असेल, अक्का."

"फुगायला पाणी कुठलं?"

मी हातातलं नवं पुस्तक चाळायला लागलो.

"शेवटचं आज वाचणार ना?"

"पुस्तकं आली, अक्का. आता तो धडा नाही."

ती भांडली असती तर मी ऐकून घेतलं नसतं. ती भांडली नाही. "पोर बाहेर उभी आहे," एवढंच म्हणाली. "भिजलेली आहे." मग कठड्याला धरून जिना उतरली.

मला तिचा राग आला. पण म्हातारीने आयुष्यात एक गोष्ट मागितली होती, आणि ती एका वाक्याची होती. दुसरीची पोरं दप्तरं घेऊन जिन्यात पोचली होती, त्यांना मी परत बोलावलं. कागद कपाटात होते. त्यांची गरज पडली नाही. वाक्य पोरांना पाठ होतं, मी शिकवलं नसतानाही.

"आईने दार उघडले."

खाली शिलाईची यंत्रं थांबली. बिजागरी करकरली.

मग काही ऐकू आलं नाही.

मी खाली धावलो. अक्काचं दार सताड उघडं होतं. आत दोन ताटं मांडलेली होती, भात वाढलेला होता. घरात कुणी नव्हतं.

फळीवर कळशी नव्हती.

उंबऱ्याच्या आत एकही ओला ठसा नव्हता. लहान पावलं दारापर्यंत आली होती. तिथूनच वळून ती तळ्याच्या मैदानाकडे गेली होती. त्यांच्या शेजारी मोठी पावलं होती. तीही ओली.

पिराजी दुकानाच्या पायरीवर उभा होता. गळ्यातली मापाची पट्टी त्याने मुठीत धरली होती.

"अक्का गेल्या," तो म्हणाला. "मी हाक मारली. वळल्या नाहीत."

"एकटीच होती?"

"एकट्याच." मग त्याने आपला हात मांडीजवळ नेला आणि बोटं हवेत मिटली. "पण हात असा धरलेला."

मैदानात पावलं मधोमध जाऊन संपली होती. चहूकडे कोरडी धूळ होती. पोलिसांनी जे विचारायचं ते विचारलं, आम्ही जे सांगता येईल ते सांगितलं.

सोमवारी मी नवं पुस्तक उघडलं. पहिला धडा सशाचा होता. परिच्छेद संपला तशी मी खूण केली आणि वर्गाने शेवटचं वाक्य एका सुरात वाचलं.

मी खूण केली नव्हती तरी त्यांनी पुढचंही वाचलं. सगळ्यांची नजर पुस्तकावर होती.

"ठकू आणि आई तळ्यात राहतात."

मी त्यांना थांबवलं नाही. वाक्य सोपं होतं. त्यात कुणी मरत नव्हतं.