जित्याचा वीर

खोटं वाटलं तर वाटू द्या. मला हे माझ्या आजीने, नवशीने, स्वतःच्या तोंडाने सांगितलंय. आणि ती बाजारात मिठाच्या मापातही लबाडी खपवून न घेणारी बाई होती.

साल १९२०. होळीला आठ दिवस होते. जागा, मोखाड्याजवळचा आमचा पाडा.

आणि वेळ रात्रीची नाही... भर दुपारची.

आमच्याकडे माणूस मेला की त्याचा वीर घालतात. दगडावर घोड्यावर बसलेला माणूस कोरायचा, वर चंद्र-सूर्य काढायचे आणि शेंदूर लावून तो दगड उभा करायचा. फक्त मेलेल्याचा.

पहिल्या महायुद्धात जव्हार संस्थानातून आमच्या भागातले पाच जण बसऱ्याच्या लढाईला गेले होते. चौघे तिकडेच राहिले. एकटा माझा आजा, फागू, परत आला. डाव्या पायाला गोळी लागली होती, तो पाय फरफटत चालायचा.

संस्थानच्या कारभाऱ्याने पाचही जणांचा एकच मोठा दगड बाजाराच्या वाटेवर उभा करायचं ठरवलं. पाच घोडे, पाच शिपाई. आजा तिकडे खेचरं हाकायचा, घोड्यावर जन्मात बसला नव्हता. पण सरकारी मान तो मान.

दगड घडवायला तुकाला बोलावलं. आमच्या भागातले सगळे वीर त्याच्याच हातचे.

"जित्याचा वीर नाय घडवत, सायब," तो म्हणाला.

कारभारी हसला. म्हणाला, हा वीर नाही, सन्मान आहे.

तुकाने पाचही शिपाई कोरले. पण पाचव्याचे डोळे कोरले नाहीत. डोळे उघडले की वीर जागा होतो आणि आपला मेलेला माणूस मागतो, असं आमच्याकडे मानतात.

समारंभाच्या दिवशी ते कारभाऱ्याच्या नजरेस पडलं. तो तुकावर डाफरला आणि त्याने बाहेरून आणलेल्या एका गवंड्याकडून तिथल्या तिथे डोळे कोरून घेतले. आजा समोरच उभा होता, डोक्याला नवा फेटा बांधून.

आजी घरी नागलीची भाकरी थापत होती. अंगणात सागाचा पाचोळा पडलेला. आजा दिसायच्या आधी ऐकू यायचा. फरफट... फरफट...

त्या दुपारी काहीच ऐकू आलं नाही.

तिने मान वर केली...

आजा दारात उभा होता.

घरचा कुत्रा उठला, लांबूनच त्याला वळसा घालून गेला. तो पुन्हा कधी ओट्यावर चढला नाही.

पुढचे तीन दिवस आजी नुसती बघत राहिली. भाकरी तो नेहमीसारखी खायचा. पायही तसाच ओढायचा. पण पाचोळा वाजायचा नाही.

चौथ्या दिवशी तिने विचारलं, "लढाईला जाताना तुझ्या फडक्यात मी काय बांधलं व्हतं?"

"मोहाची दोन फुलं," तो म्हणाला. "एक किडकं व्हतं."

बरोबर होतं. तिला जास्तच भीती वाटली.

ती तुकाकडे गेली. ते डोळे तासून टाक म्हणाली.

"तासतो," तुका म्हणाला. "पण मग घरात जो हाय, तो ऱ्हाईल का, ते मला ठाव नाय."

आजी दगडापर्यंत गेली. पाचव्या शिपायाकडे बघत उभी राहिली. चार वर्षं तिने नवऱ्याची वाट पाहिली होती. पुन्हा वाट पाहायची तिच्यात ताकद नव्हती.

ती तशीच घरी परतली.

दुसऱ्या वर्षी माझे वडील जन्मले. आजा पुढे तीस वर्षं जगला. गेला तेव्हा त्याचा वीर घातला नाही... तो आधीच होता.

हे तिने मला सांगितलं तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. ते दिवसही फाल्गुनाचेच. मी विचारलं, "आणि बाबा चालायला लागले तेव्हा? पाचोळा वाजला का?"



आजीने मला फक्त अंगणात जायला सांगितलं. पाचोळ्यावरून ओट्यापर्यंत चालत ये म्हणाली. आणि डोळे मिटून बसली.

मी चाललो. मला माझ्या पावलांचा आवाज आला, अगदी स्पष्ट.

मी ओट्यापाशी येऊन उभा राहिलो...

आजी डोळे मिटून अजून वाट बघत होती.