नाव घातलेली फुलदाणी

हल्ली घरोघरी टेबलावर फुलदाणी असते, त्याचं कुणाला काही वाटत नाही. एकोणीसशे सत्तावन्न साली कासारवाडीत, आमच्या आळीत तरी, ती एकट्या आमच्याकडे होती. फुलं देवाला वाहायची नाहीतर वेणीत माळायची. शोभेला ठेवायची ती साहेबाच्या बंगल्यात. आमची फुलदाणी लढाईतल्या तोफगोळ्याच्या रिकाम्या पितळी नळकांड्याची. ह्यांनी ते देहूरोडच्या भंगारातून आणलं, इनायत तांबटाकडून काठ वळवून घेतला, अंगावर वेल काढून घेतली आणि खाली ठिपक्याठिपक्यांनी नाव घालून घेतलं. सौ. सुभद्रा.

सुभद्रा ही ह्यांची पहिली बायको, तापानं गेलेली. मी दुसरी. माझं नाव तेव्हा शालन.

कामावरून येताना हे रोज त्या फुलदाणीसाठी फुलं आणत. माझ्यासाठी साधा गजरासुद्धा कधी नाही. मला नावानं हाकही मारत नसत. 'अगं'वर माझी बोळवण. मेलेल्या बाईचा हेवा करू नये म्हणतात. मी केला, पोटभर केला.

एक दिवस फुलदाणी पदराखाली घेऊन इनायतकडे गेले.

"चाचा, हे नाव खोडून शालन घालाल?"

त्यांनी ती हातातसुद्धा घेतली नाही. "जिचं नाव, तिनं सांगितल्याबिगर आमी खोडत न्हाई, बाई… तुमीबी नका खोडू…"

मी ऐकते कुठली. हे कामावर गेले की चिंच आणि राख घेऊन मोरीत बसायची. बोटं सोलून निघाली. घरभर चिंचेचा आंबट वास, त्याखाली फुलांच्या कुजक्या पाण्याचा. घासताना वाटायचं, आतल्या खोलीतही कुणीतरी भांडं घासतंय. मी थांबले की तेही थांबे… पण जरा उशिरानं.

नाव काही हलेना. उलट जास्तच लखलखायला लागलं.

दिवाळीला मी माझ्या रुखवताची भांडी काढली. मामांनी नाव घालून दिलेला तांब्या गुळगुळीत होता. परात, घंगाळ, डबे… एकावरही शालन उरली नव्हती. त्या भांड्यांना मी हात लावला नव्हता, तरी चिंचेचा वास येत होता.

तेवढ्यात हे आले. हातात शेवंती. दारातूनच पहिल्यांदा नावानं हाक मारली.

"सुभद्रा…"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी शालन आहे, असं ठणकावून सांगायला तोंड उघडलं.

बाहेर पडलं ते "ओ."

त्या संध्याकाळी फुलदाणी रिकामी राहिली. शेवंती ह्यांनी माझ्या वेणीत माळली.