जन्मपत्ता

कुपा माशांच्या रिकाम्या क्रेटमध्ये दुपटं अंथरून सगुणानं लेकीला, पियोलीला, त्यात बसवलं, तिच्या हाती लाकडी चमचा दिला आणि मगच ती मुख्य खटक्याकडे वळली. सात महिन्यांच्या पियोलीनं लगेच चमचा क्रेटवर बडवायला सुरुवात केली. सांत मोरेल या चिमुकल्या बेटराष्ट्राच्या एकुलत्या एक प्रयोगशाळेत त्या सकाळी एवढाच काय तो नगारा वाजत होता.

प्रयोगशाळा म्हणजे जुन्या वेधशाळेच्या तीन खोल्या, एक गळकी टाकी आणि गास्तों. गास्तों तंत्रज्ञ होता, पाणबुड्या होता आणि पियोली रडू लागली की गाणाराही तोच होता.

"आले," तो खिडकीतून म्हणाला. "आणि चाकात हवा नाहीये वाटतं. सायकल ढकलत येतायत."

पंतप्रधान एमिल राघू घाम पुसत आत आले. राजकारणात पडण्याआधी तीस वर्षं ते बेटाच्या रेडिओवर निवेदक होते. अजूनही सकाळचं बातमीपत्र तेच वाचत, कारण दुसऱ्या कुणाच्या आवाजावर बेटाचा विश्वासच बसत नसे. रात्री कोण जन्मलं, किती वजनाचं, बोट किती वाजता सुटणार, सगळं त्यांच्या तोंडून.

"सगुणा, दोनच महिने राहिलेत," ते टेकत म्हणाले. "कंपनीचा माणूस रोज येऊन माझ्या ओसरीवर बसतो. कॉफीही स्वतःची आणतो, म्हणजे मला हाकलता येत नाही."

बेटावर नुसतं 'कंपनी' म्हटलं तरी कळायचं. दीडशे वर्षांपूर्वी रत्नागिरीकडून ऊसतोडीला आलेल्या पूर्वजांनी या बेटाला मराठी दिली आणि माशांची नावं दिली. बाकीचं जग ज्याला टुना म्हणतं, तो इथे कुपा. उसाचे दिवस सरल्यावर देश कुप्यांवर जगला. मग कुपे येईनासे झाले. बाहेरच्या बोटींनी धरलेल्या कुप्यांवर हक्क सांगायला बेट तीनदा लवादाकडे गेलं आणि तिन्ही वेळा रिकाम्या हातानं परतलं. बंदर ओस पडलं, दवाखान्याचा डॉक्टर गेला, शाळा चारच्या दोन झाल्या. आता कंपनीनं प्रस्ताव ठेवला होता: बेटाची सगळी सागरहद्द नव्व्याण्णव वर्षांच्या करारानं आम्हाला द्या, आणि तुम्ही सगळ्यांनी मुख्यभूमीवर आमच्या चौदा मजली इमारतींत राहायला जा. दोन महिन्यांनी संसदेत मतदान होतं. होकार मिळाला असता, तर पियोलीला समुद्र फक्त चित्रातच दाखवायला लागला असता.

"काका, कुपे बेट सोडून का गेले, सांगा पाहू."

"पाणी तापलं म्हणून. शाळेतलं पोर सांगेल."

"वीस वर्षं आपण हेच म्हणतोय. पण पाण्याचा दोष नाही." सगुणानं भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवलं. "पृथ्वीचं चुंबकत्व प्रत्येक जागी थोडं वेगळं असतं. एक त्याची तीव्रता, आणि दुसरा त्याचा कल, म्हणजे चुंबकसुई किती अंशांनी खाली किंवा वर झुकते ते. या दोन आकड्यांची जोडी म्हणजे त्या जागेचा पत्ता. कुप्याचं पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेव्हा तिथली जोडी त्याच्या डोक्यात कोरली जाते. मोठं होऊन ते हजारो मैल भटकतं, पण विणीला तीच जोडी शोधत परत येतं. मी तिला जन्मपत्ता म्हणते."

"मग परत येत का नाहीत?"

"येतात हो! पत्ताच इथून निघून गेलाय. पृथ्वीचं चुंबकत्व स्थिर नसतं, सरकतं. आपल्या भागात वर्षाला सतरा-अठरा किलोमीटर, पश्चिमेकडे. बावीस वर्षांपूर्वी आपल्या प्रवाळरांगेवर जी जोडी होती, ती आज आपल्या हद्दीपलीकडे भर समुद्रात आहे. मासे तिथे जाऊन अंडी घालतात, पिल्लं तोच पत्ता पाठ करतात, आणि पुढच्या खेपेला आणखी थोडी पश्चिमेला जातात. पत्ता पिढ्यान् पिढ्या तोच, जागा मात्र दरवर्षी नवी."

एमिलकाकांनी नकाशावर पश्चिमेकडे बोट सरकवत नेलं. "म्हणजे रुसून नव्हते गेले," ते हळूच म्हणाले.

"नव्हते. म्हणून आम्ही रांगेभोवती अकरा किलोमीटर तार टाकलीय. चुंबकवेढा. त्यातून वीज सोडली की रांगेवर पुन्हा तोच जुना पत्ता उमटणार. आकडे वेधशाळेच्या बावीस वर्षांपूर्वीच्या वहीत आहेत, तारखेसकट. कुपे पूर्वेकडून येतात, तेव्हा त्यांना वाटेत आधी आपली रांग लागणार."

"आणि वीज?"

"तुमच्या बंगल्याची घेतलीय," गास्तों म्हणाला. "आजपासून कॉफी त्या कंपनीवाल्याकडेच मागा."

सगुणानं खटका दाबला. काहीच आवाज झाला नाही. कलमापीचा काटा मात्र थरथरला, हलला आणि हव्या त्या रेघेवर जाऊन बसला. पियोली चमचा खाली टाकून "दा!" म्हणाली.

नवव्या दिवशी कुपे आले.

आधी पक्षी आले, मग रांगेबाहेरचं पाणी उकळल्यासारखं खदखदू लागलं, आणि दुपारपर्यंत निम्मं बेट किनाऱ्यावर होतं. म्हाताऱ्या माणसांनी बावीस वर्षांत पाण्यात न उतरवलेल्या होड्या बाहेर ओढल्या. कुणी हसत होतं, कुणी रडत होतं, आणि गास्तों दोन्ही करत पाण्यात उभा होता. सगुणानं पियोलीला खांद्यावर घेतलं, पण पोरीला माशांपेक्षा आईच्या कानातलं जास्त आवडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पियोलीची पेज ढवळत होती. रेडिओवर एमिलकाकांचा आवाज नेहमीपेक्षा उंच लागला होता.

"काल रात्री पोर्ट-क्लेरच्या दवाखान्यात ज्युलिएन तांडेल हिला मुलगा झाला, वजन तीन किलो शंभर. आणि मंडळी, आपले कुपे घरी आले! त्यांचा जन्मपत्ताही ऐकून ठेवा. तीव्रता छत्तीस हजार चारशे बारा, कल उणे त्रेपन्न अंश एकोणीस..."

पेज उतू गेली. सगुणा तशीच धावत रेडिओकेंद्रावर गेली.

"काका, हे काय केलंत!"

"अगं, पोर घरी आलं की आपण वजन सांगतो ना?"

"हे आकडे म्हणजे घराची किल्ली होती! तार आणि वीज असेल त्याला आता समुद्रात कुठेही आपलं दार उघडता येईल!"

काकांचा चेहरा एवढासा झाला. त्या माणसानं आयुष्यात कुठलीच गोष्ट पोटात ठेवली नव्हती. तशी बेटावर कुणीच ठेवली नव्हती.

बारा दिवसांत कंपनीची दोन जहाजं पूर्वेला, हद्दीच्या बरोब्बर बाहेर येऊन उभी राहिली. त्यांच्या मागे तरंगते वेढे होते, बेटाच्या वेढ्याहून दसपट ताकदीचे. पूर्वेकडून येणाऱ्या कुप्यांना आता आधी जहाजं लागत. रांगेवरचं पाणी पुन्हा मुकं झालं. होड्या किनाऱ्यावर आल्या, आणि लोक सगुणाला रस्त्यात भेटल्यावर तिच्याशी हवापाण्याबद्दल बोलू लागले. शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

मतदानाच्या दिवशी सकाळी ती पियोलीला घेऊन कस्टमच्या शेडमध्ये रांगेत बसली होती. मुख्यभूमीवर जाणाऱ्या लहान मुलांचे फोटो आणि कागद तिथे होत होते. बाकांवर चौदा आया होत्या, मांड्यांवर चौदा तान्ही. सगुणाच्या हातातल्या अर्जाचा एक कोपरा पियोलीनं चावून ओला केला होता, आणि तिला तो सोडवून घ्यावासाही वाटत नव्हता.

कंपनीनं पाठवलेला एक कारकून यादी घेऊन उभा राहिला. नावं त्याच्या जिभेवर बसत नव्हती. "पिओ... पियोलि हीरू?"

तेरा पोरं आपापल्या उद्योगात राहिली. पियोलीनं मात्र कागद सोडला, मान वळवली आणि त्याच्याकडे बघून बोळकं पसरलं.

"ही होय!" कारकून खूश झाला. "सापडली."

"तुम्ही कसं ओळखलंत?" सगुणानं विचारलं.

"मी कुठे ओळखलं, बाई? मी नुसती हाक मारली. जिचं नाव ती वळली."

"जिचं नाव ती वळली," सगुणा पुटपुटली. मग ती उठली, पोरीला कडेवर घेतलं आणि पळत सुटली. "अहो, फोटो!" मागून कारकून ओरडला.

संसद जुन्या साखरगोदामात भरत असे. सतरा सभासद, वर खडखडणारे पंखे, आणि कोपऱ्यात रेडिओचा माइक, कारण कामकाज पहिल्या दिवसापासून थेट ऐकवलं जाई. सगुणा पोचली तेव्हा कंपनीचे प्रतिनिधी हॅल्वर्सन, काकांच्या ओसरीवर रोज बसणारे तेच, बोलत होते. गोरा, सडपातळ, मूळचा इंजिनिअर असलेला हा माणूस खरंच सभ्य होता, आणि त्यामुळे त्याच्यावर चिडणंही अवघड होतं.

"...अठरा दिवसांत सहा हजार टन. आम्हाला तुमच्या हद्दीत यायचीही गरज उरलेली नाही. तरी आमचा प्रस्ताव कायम आहे. नकार दिलात तर मासेही जातील आणि घरंही."

"अध्यक्ष महाराज," सगुणा दारातूनच म्हणाली, "शास्त्रीय सल्लागार म्हणून मला पाहुण्यांना थोडं विचारायचंय."

अध्यक्षांच्या खुर्चीतून एमिलकाकांनी होकारार्थी मान हलवली. त्यांच्याकडे हलवायला दुसरं काही उरलंच नव्हतं.

"मिस्टर हॅल्वर्सन, मासे तुमच्या वेढ्यामुळेच आले कशावरून? आपणहून आले असतील, योगायोगानं."

हॅल्वर्सनमधला इंजिनिअर दुखावला. "बाई, आम्ही अंदाजावर जहाजं पाठवत नाही. वेढा बंद ठेवून चार दिवस जाळी टाकली, रिकामी आली. मग दुसरे अकरा पत्ते लावून पाहिले. शेपूटसुद्धा दिसलं नाही. तुमच्या पंतप्रधानांनी सांगितलेला पत्ता लावला, आणि जाळी भरली. तासातासाची नोंद जहाजांच्या रोजनिशीत आहे."

"म्हणजे या एका पत्त्याला ओ देणारे तेवढेच मासे तुम्हाला मिळाले?"

"तेवढेच. यात शंकेला जागा नाही."

"आणि हा पत्ता कुठला?"

"इथला. तुमच्या प्रवाळरांगेचा, बावीस वर्षांपूर्वीचा."

"तेव्हा या महासागरात दुसरीकडे कुठे हीच जोडी असू शकेल?"

"शक्यच नाही. या महासागरात त्या तीव्रतेची रेषा आणि त्या कलाची रेषा एकमेकींना एकाच जागी छेदतात. तेव्हा त्या बरोबर इथेच छेदत होत्या. म्हणून तर हे मासे..."

हॅल्वर्सन थांबले.

"म्हणून तर हे मासे मूळचे इथले," सगुणानं वाक्य पुरं केलं. "महासागर करार, कलम सात. ज्या देशाच्या पाण्यातून माशांचा वंश निघाला, त्या देशाचा त्यांच्यावर पहिला हक्क, मग ते जगाच्या पाठीवर कुठेही धरलेले असोत. आपण लवादाकडे तीनदा गेलो. तिन्ही वेळा त्यांनी विचारलं, समुद्रातल्या लाखो माशांतून तुमचे कोणते ते ओळखायचे कसे? आणि आपल्याकडे उत्तर नव्हतं." ती हॅल्वर्सनकडे वळली. "ते तुम्ही शोधलंत. नाव घेऊन हाक मारलीत, आणि आमचे तेवढे वळले. सहा हजार टन मासे निवडून, मोजून, नोंदवून वेगळे काढलेत. आम्हाला हे शंभर वर्षांत जमलं नसतं."

मग एमिलकाकांनी कोपऱ्याकडे पाहिलं.

"हे सगळं रेडिओवर गेलं का रे?"

"गेलं ना," माइकवाला म्हणाला. "नेहमीसारखं."

"आम्ही वेढे बंद करू," हॅल्वर्सन सावकाश म्हणाले.

"खुशाल करा. मग ते आमच्या रांगेवर येतील. चालू ठेवलेत तर तुमच्या जाळ्यात येतील, आणि तिथेही ते आमचेच असतील. उद्या दुसऱ्या कुणी हा पत्ता लावला, तरी तेच." तिला हसू आवरेना. "काकांनी तो सगळ्या जगाला सांगून ठेवलाय, तेही वेळ आणि तारीख देऊन. इतकी भक्कम नोंद मला वकील लावूनही करता आली नसती."

एमिलकाका एकदम ताठ बसले, जणू त्यांनी हे सगळं ठरवूनच केलं होतं.

मतदान झालं. कंपनीच्या कराराच्या बाजूनं शून्य, विरोधात सतरा. एका सभासदानं दोन्ही हात वर केले, त्याचा एकच धरला.

हॅल्वर्सननी कागद आवरले, चष्मा पुसला. हरल्यावरही त्यांचा हिशेब चोख होता. लवादात लढून काय हाती लागणार, हे त्यांना बाकीच्यांच्या आधी कळलं होतं. "आणि जहाजांवर भरलेल्या मालाचं काय करायचं?" त्यांनी विचारलं.

"आणा ना इकडे," एमिलकाका म्हणाले. "एक नंबरचा धक्का मोकळा आहे. वाटाघाटी तिथेच करू. या खेपेला कॉफी आमची."

तिसऱ्या दिवशी सकाळी पहिलं जहाज बंदरात शिरलं. धक्क्यावर उभं राहायला जागा नव्हती. गास्तों दोर पकडायला सगळ्यांच्या पुढे होता आणि कुणालाही काहीही ओरडून सांगत होता. यारीनं पहिली जाळी वर उचलली आणि उन्हात ती चांदीसारखी झळाळली.

गर्दीतून वाट काढत सगुणा अगदी कडेला आली. तिनं पियोलीचा इवलासा हात धरून एका कुप्याच्या थंडगार, निळ्या पाठीवर ठेवला. पोरीनं आधी हात मागे घेतला, मग स्वतःहून पुन्हा पुढे केला.

"घाबरू नकोस, सोन्या," सगुणा तिच्या कानाशी म्हणाली. "आपल्याच गावचा आहे."