सारसाची पहिली ओळख

सारसाचे पिल्लू आपल्याच मागे का फिरते आहे, हे चेतनाला कळेना. अंगणात हुबेहूब सारसासारखी यंत्रमादी उभी होती. तीच लाल मान, तेच लांब पाय, तीच हाक. तरी पिल्लू तिच्याकडे ढुंकूनही बघत नव्हते.

त्याची खरी आई आदल्या दिवशी विजेच्या तारांना धडकून मेली होती. गोंदियाकडच्या त्या लहानशा गावात सारसांची ती शेवटची जोडी. नर हाका मारत घिरट्या घालत राहिला आणि मग निघून गेला. धानाच्या शेतातल्या घरट्यात एक अंडे उरले. दुर्बीण घेऊन रोज त्या जोडीला बघायला जाणाऱ्या चेतनाने ते घरी आणले आणि सकाळी ते तिच्या ओंजळीतच फुटले.

यंत्रमादी घेऊन आलेली दुर्गाआत्या पक्ष्यांची अभ्यासक होती. तिने समजावले, की आपण सारस आहोत हे पिल्लाला जन्मतः ठाऊक नसते. सुरुवातीच्या दिवसांत जवळ जो कोणी हलताबोलता दिसतो, त्यालाच ते आई मानते. याला अनुमुद्रण (पहिल्या ओळखीचा मनावर बसणारा ठसा) म्हणतात. पुढे जोडीदारही ते त्याच रूपात शोधते.

“मग मीच सांभाळीन त्याला,” चेतना म्हणाली.

“सांभाळशील गं. पण सारसांमध्ये ते परकंच राहील. जन्मभर एकटं.”

चेतनाने पायाशी आलेल्या पिल्लाकडे पाहिले. मग तिने विचारले, की हा ठसा पुसता येईल का. पहिलाच दिवस आहे, ठसा अजून कच्चा आहे, असे आत्या म्हणाली. मात्र यापुढे चेतना त्याला दिसता कामा नये, तिचा आवाजही त्याच्या कानी पडता कामा नये.

पिल्लाला यंत्रमादीजवळ ठेवून चेतना घरात गेली आणि तिने दार लावले. बाहेर पिल्लू केविलवाणे ओरडत होते. ती दाराला पाठ लावून, ओठ घट्ट मिटून बसली. संध्याकाळी ओरडणे थांबले. फटीतून पाहिले, तर ते यंत्रमादीच्या उबदार पंखाखाली शिरले होते. तेव्हा मात्र तिला रडू आवरले नाही.

यंत्रमादीने त्याला किडे टिपायला शिकवले, माणसाची चाहूल लागताच दूर पळायला शिकवले. हिवाळ्यात गावच्या तळ्यावर बाहेरून सारस आले आणि उंच झालेले ते पिल्लू त्यांच्यात मिसळले.

एका सकाळी झुडपाआडून बघणारी चेतना न राहवून उभी राहिली. पिल्लाने मान वर केली, तिच्याकडे पाहिले, इशाऱ्याची हाक दिली आणि सगळ्यांबरोबर ते उडाले.

“मला घाबरलं ते,” ती म्हणाली.

“हो,” आत्या हळूच म्हणाली. “आता ते जगेल. पुढे कधीतरी याच तळ्यावर घरटंही करेल.”

चेतनाने डोळे पुसून दुर्बीण लावली. थवा पलीकडच्या शेतात उतरत होता. त्यातला आपला कोणता, हे तिला ओळखता येईना.