वरच्या मॅडम, खालचे साहेब

मुख्याधिकारी संघटनेच्या वार्षिक अधिवेशनात अध्यक्षांचं भाषण ऐन रंगात आलं होतं, म्हणजे निम्मं सभागृह पेंगत होतं. ती फोन कानाला लावून बाहेर जिन्यात आली. दोन पायऱ्या खाली कुणीतरी पाठमोरा उभा राहून आपल्या फोनवर बोलत होता.

"आधी व्हॉल्व्ह बंद करा!" दोघं एकदमच ओरडले.

तो वळला. हसू दाबत म्हणाला, "तुमचीही लाइन फुटली?"

"सहा इंची. शाळेसमोर."

"माझी आठ इंची."

"लगेच वरचढपणा?"

"छे हो... पाणी जास्त वाया गेलं, एवढंच."

मग कळलं, दोघांच्या नगरपालिका एकाच नदीवर. तिचं गाव वर, डोंगराच्या कुशीत. त्याचं खाली, तासाभराच्या अंतरावर. 'आपल्या गावाचा कचरा आमच्या बंधाऱ्यात अडकतो' अशी तीन पत्रं त्याने तिच्या कार्यालयाला पाठवली होती. तिन्हींना उत्तर गेलं होतं — योग्य ती कार्यवाही सुरू आहे.

"ती उत्तरं मीच लिहिली," ती म्हणाली.

"भाषा सुरेख होती. कचरा तेवढा थांबला नाही."

त्यानंतर फोन सुरू झाले. आधी कामाचे, मग काम नसताना कामाचे. तो तिला वरच्या मॅडम म्हणायचा, ती त्याला खालचे साहेब.

"आज तुमच्याकडून एकच बाटली आली," एकदा जेवणाच्या सुट्टीत तो म्हणाला. "तब्येत बरी आहे ना?"

"आणखी पाठवू?"

"पाठवा. पण आत चिठ्ठी घालून."

"शिपायाला विचारते, अशा टपालाला जावक क्रमांक पडतो का."

हे असंच बरेच महिने चाललं असतं. पण थंडीत तिने नाल्यावर बांधलेली एक शेड पाडली. शेड नगराध्यक्षांच्या मेहुण्याची निघाली. आठ दिवसांत नगरपालिकेच्या सभेने ठराव केला — मुख्याधिकाऱ्यांनी नोटीस न देता मनमानी केली, त्यांना निलंबित करावं. नोटीस तिने दिली होती. फायलीतली प्रत मात्र गायब होती.

संघटना पाठीशी उभी राहिली तर निलंबन टळण्यासारखं होतं. ते ठरवायला तिघांची समिती होती. एक उपाध्यक्ष, त्यांची नगराध्यक्षांकडे ऊठबस. दुसऱ्या एक निवृत्त मुख्याधिकारी, त्यांना सगळे आत्या म्हणत आणि वचकून असत. तिसरा तो.

तिचाच फोन आला. "आता फोन करू नका."

"माझं मत हवंय ना तुम्हाला?"

"हवंय. म्हणूनच सांगते."

तीन आठवडे फोन वाजला नाही. नदी तेवढी येत राहिली.

बैठकीच्या दिवशी ती टेबलाच्या टोकाला बसली होती, समोर फाइल. सचिवांनी नेहमीचा प्रश्न वाचला, "संबंधित सदस्याशी कुणाचं नातं, हितसंबंध?" आणि उत्तराची वाट न पाहता पान उलटलं.

त्याने हात वर केला.

"नातेवाईक?" सचिवांनी विचारलं.

"अजून नाही."

सचिवांचं पेन थांबलं. ती फाइलच्या नाडीकडे पाहत राहिली. तिचे कान लाल झाले होते.

आत्यांनी चष्मा काढला. "अजून नाही म्हणजे काय हो?"

"म्हणजे... तिकडून काही कळलेलं नाही. मी विचारलंही नाही. पण तटस्थपणे मत देणं मला जमणार नाही. माझं नाव काढा."

तो बाहेर जाऊन बाकावर बसला. तिचं एकमेव खात्रीचं मत त्याच्याबरोबर उठून बाहेर आलं होतं. हे त्याला कळत होतं. आत तिलाही कळत असणार.

दीड तासाने दार उघडलं.

"शिपायाकडची टपालवही सापडली," ती म्हणाली. "नोटीस घेतल्याची मेहुण्याची सही होती तिच्यात. आत्यांनी ती उपाध्यक्षांना मोठ्याने वाचायला लावली. संघटना पाठीशी आहे."

"म्हणजे गावातच राहणार तुम्ही?"

"बदली होईल. लांब कुठेतरी. त्याला इलाज नाही."

"माझा राग आला?"

"आला. पहिली दहा मिनिटं."

"आणि नंतर?"

"नंतर आत्या म्हणाल्या, त्या साहेबांचं निवेदन इतिवृत्तात घ्यावं लागेल, तर त्यावर तुमचं म्हणणंही हवं."

"मग... काय म्हणालात?"

ती त्याच्या शेजारी बसली. फाइल पलीकडे सरकवली आणि एक कागद त्याच्या हातात दिला.

"वाच ना तूच."

सचिवांच्या किरट्या अक्षरात शेवटची ओळ होती — 'सदर निवेदनास संबंधित सदस्येची हरकत नाही.'